प्रश्न चार-ब

उत्तरपत्रिका हातात घेऊन ती उठली, तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर इतका किरकिरला की हॉलमधल्या चाळीस माना एकदम वर झाल्या. पेपर तपासणीच्या हॉलमध्ये मधेच कुणी उठत नसे. पाणी हवं असेल तर शिपायाला खूण करायची, लाल पेन संपलं तर हात वर करायचा. तिने दोन्ही केलं नाही. टेबलांमधल्या वाटेने ती सरळ मुख्य परीक्षकांपाशी गेली आणि उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर उघडी ठेवली.

"सर, चार-बचं नमुना उत्तर चुकलंय."

मुख्य परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. बाकीच्यांसाठी ते मुख्य परीक्षक होते, तिच्यासाठी 'सर'. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून ती प्रोग्रॅमिंग शिकली होती. त्यांनी लिहिलेलं पुस्तक ती आता स्वतःच्या वर्गात शिकवत होती. पुस्तकच कशाला, फळ्यावर खडूने रेघ मारण्याची तिची पद्धतही सरांचीच होती. खाण तशी माती, असं तिच्या कॉलेजात सगळे म्हणत, आणि तिला ते ऐकायला आवडे.

"चुकलंय असं कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

"हा मुलगा म्हणतो. किंवा मुलगी. नाव कुठे असतं, नुसता नंबर."

"अगं, मुलं काय वाट्टेल ते म्हणतात. काल एकाने लिहिलंय, कन्स्ट्रक्टर म्हणजे इमारती बांधणारा ठेकेदार. त्यालाही मार्क देऊया का?"

आसपासच्या टेबलांवर हशा पिकला. ती हसली नाही. तिने त्या पानावर बोट ठेवलं.

प्रश्न सहा मार्कांचा होता. पंधरा ओळींचा जावा प्रोग्रॅम दिला होता, आणि तो चालवल्यावर पडद्यावर काय उमटेल ते कारणासकट लिहायचं होतं. 'वाहन' नावाचा एक मूळ क्लास, म्हणजे साचा. त्याच्याकडून वारसा घेतलेला 'बस' नावाचा दुसरा. बसच्या नावावर पंचवीस आसनं लिहिलेली. 'दाखव' नावाची मेथड वाहनाकडेही होती, पण बसने ती स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिली होती. आसनांचा आकडा छापायचा, एवढंच तिचं काम. आणि वाहनाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे वाहन घडताना जो मजकूर आपोआप चालतो त्यात, एकच ओळ होती: दाखव. आता एक नवी बस तयार केली, तर काय छापलं जाईल?

नमुना उत्तर होतं पंचवीस. सरांच्या पुस्तकात, पान एकशे बेचाळीसवर, हाच प्रोग्रॅम होता आणि तिथेही पंचवीसच होतं. ती अकरा वर्षं वर्गात पंचवीसच सांगत आली होती.

या उत्तरपत्रिकेत मोठं, गरगरीत शून्य होतं. आणि खाली, तिरप्या घाईच्या अक्षरात, कारण:

'बस घडताना आधी वाहनाचा कन्स्ट्रक्टर चालतो, कारण आईच्या आधी लेकरू नाही. त्या कन्स्ट्रक्टरने दाखव मेथडला हाक मारली. बसने ती मेथड स्वतःची लिहिली आहे, म्हणून ओ बसच देणार. पण बस अजून पुरती घडलेली नाही. तिची पंचवीस आसनं तिच्या हातात अजून यायची आहेत. म्हणून ती रिकाम्या हाताने ओ देते.'

सरांनी वाचलं. त्यांचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर दोनदा फिरला.

"भाषा छान आहे," ते म्हणाले. "पण नमुना उत्तर अंतिम असतं. परीक्षा मंडळाचा नियम आहे."

"एकदा चालवून बघूया."

"इथे मोबाइलसुद्धा बाहेर ठेवून यावं लागतं, कॉम्प्युटर कुठून आणू? आणि बघायचं काय त्यात? वीस वर्षं पुस्तक चालतंय. अकरा आवृत्त्या झाल्या. चूक असती तर एक तरी पत्र आलं असतं की नाही?" त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "जा, बस. आजचे ऐंशी पूर्ण करायचेत."

ती जागेवर आली. शेजारच्या खुर्चीवरच्या प्राध्यापकांना सगळे एक्सप्रेस म्हणत. त्यांचा पेपर म्हणे चार मिनिटांत तपासून होई, आणि मधल्या कुठल्याही स्टेशनावर गाडी थांबत नसे. तिलाही मुलांनी नाव ठेवलं होतं: अर्धविराम मॅडम. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की ती अर्धा मार्क कापत असे, आणि तो कापताना तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, मॅडम?" एक्सप्रेस पानं उलटणं न थांबवता पुटपुटले. "फुली मारा आणि पुढे चला."

तिने फुली मारली नाही. वाकून टेबलाखालचे तिचेच तपासून झालेले गठ्ठे वर घेतले, सुतळ्या सोडल्या आणि फक्त चार-ब बघत सुटली. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा तिच्याजवळच्या दोनशे दहा उत्तरपत्रिकांमध्ये सात शून्यं निघाली होती. त्यांतल्या सहांना ती गेल्या दोन दिवसांत स्वतःच्या हाताने फुली मारून मोकळी झाली होती. एवढ्या ठसठशीत फुल्या, की कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी लागत होत्या.

कॉम्प्युटर लॅब वरच्या मजल्यावर होती. दारातच खुर्ची टाकून लॅब असिस्टंट बाई डबा खात बसल्या होत्या.

"दहा मिनिटं एक मशीन हवं होतं."

"परवानगी?"

"घेतली नाही. मागितली असती तर मिळाली नसती."

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कमरेची किल्ली काढून डब्याच्या झाकणावर ठेवली.

"मी जेवताना आजूबाजूला बघत नाही," त्या म्हणाल्या.

तिने पंधरा ओळी टाइप केल्या. बोटं थोडी अडखळली. फळ्यावर ती हा प्रोग्रॅम डोळे मिटून लिहीत असे, पण मशीनवर कधी लिहिला नव्हता. वर्ग तिचा, लॅब मात्र असिस्टंटची, अशी तिच्या कॉलेजात वाटणी होती. तिने प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर शून्य आलं.

तिने पुन्हा चालवला. मग पंचवीसच्या जागी चाळीस लिहून पाहिलं, मग नऊशे. शून्य जागचं हललं नाही. अकरा वर्षं, दर वर्षी साठेक मुलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि आरसा तर अकरा वर्षं तिच्या कॉलेजातही असाच वरच्या मजल्यावर पडून होता, एक जिना चढून जायचं कुणाला सुचलं नव्हतं. निदान तिला तरी.

तिने प्रोग्रॅम आणि उत्तर, दोन्ही छापून घेतलं. किल्ली परत ठेवताना बाईंनी न बघता विचारलं, "झालं मनासारखं?"

"नाही," ती म्हणाली. "खरं झालं."

सुट्टी संपून हॉल भरला तेव्हा तिने तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला, तोही सगळ्यांच्या देखत. सरांनी कागद वाचला आणि ते उठले.

"चल जरा बाहेर."

व्हरांड्यात खालच्या मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता. सरांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. त्यांचे हात म्हातारे झालेत हे तिला त्या दिवशी दिसलं.

"किती जणांनी शून्य लिहिलंय?"

"माझ्याकडच्या दोनशे दहांत सात."

"सातच?"

"सातच. बाकीच्यांनी आपलं ऐकलं."

मैदानावर कुणीतरी बाद झालं असावं. एकदम कल्ला उठला आणि विरला.

"तुला कळतंय का तू काय मागतेस?" सर शेवटी म्हणाले. "चौदा हजार पेपर आहेत. मंडळ अर्धंमुर्धं काही करत नाही. उत्तर बदललं की सगळ्यांचं बदलतं. मग पंचवीसवाल्यांचे सहा-सहा मार्क गेले. त्यात तुझी मुलं आहेत. काठावरची असतील. त्यांचा काय गुन्हा? शिकवलं तेच लिहिलं त्यांनी."

"गुन्हा आपला आहे, सर. आपण तसं लिहून देऊ. चूक पुस्तकाची आणि शिकवणाऱ्यांची, उत्तर दोन्हींपैकी कुठलंही असो, मुलांना मार्क द्या."

"लिहून द्यायचं? मी? या वयात?"

"मीही देते."

"तुझं काय जातं? तुझं नाव नाहीये त्या पुस्तकावर."

तिला हे लागलं. पण तिने आवाज चढवला नाही.

"नाव नसलं तरी वारसा आहे ना. तुम्ही दिलेलं सगळंच घेतलं मी, न तपासता. आता हे तेवढं घेत नाही."

सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागावलेत की काय, ते तिला कळेना.

"या सातांना मी फुली मारणार नाही," ती म्हणाली. "मारलेल्या सहा खोडणार आहे."

"मग तुझे गठ्ठे दुसऱ्याकडे जातील."

"जाऊ देत. माझ्या हाताने नाही."

गठ्ठे एक्सप्रेसकडे गेले. जाण्याआधी तिने सहाही फुल्या खोडून शेजारी सहा-सहा मार्क आणि आपली सही केली होती. तिला तपासणीतून मोकळं केल्याचा कागद मिळाला. कचेरीतल्या कारकुनाने हरकतीचा फॉर्म देताना आवाज खाली आणला.

"निकालाला आठ दिवस आहेत. त्याआधी दिलात तर घ्यावाच लागतो आम्हाला. पण दहा सह्या लागतात, मॅडम. एकट्याची हरकत म्हणजे तक्रार, दहांची म्हणजे हरकत."

फॉर्मवर सगळ्यांत वर स्वतःची सही करून ती हॉलच्या दाराशी उभी राहिली. पाच वाजता चाळीस जण बाहेर पडले. कुणाला दवाखान्यात जायचं होतं, कुणाची बस चुकत होती, कुणाला मुळात प्रश्नच नीट आठवत नव्हता. अळीमिळी गुपचिळी. एक्सप्रेस तेवढे थांबले.

"मॅडम, तुमचं खरं आहे. पण मला नोकरीत पाच वर्षं काढायचीत अजून. निवृत्त झालो की पहिली सही माझी."

"तोवर मुलांची मुलं कॉलेजात येतील."

"तेही खरं आहे," एक्सप्रेस म्हणाले, आणि निघून गेले.

घरी आई शिवणयंत्रापाशी बसली होती. डोळ्यांनी साथ सोडली तशी तिने बाहेरची कामं बंद केली होती, पण हात रिकामे ठेवायला तिला जमत नसे. सगळं ऐकून घेत ती जुन्या पडद्याला टीप मारत राहिली.

"म्हणजे तू अकरा वर्षं उलटा खिसा लावत होतीस," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मी लावले होते एकदा. शाळेचे दोनशे गणवेश. दोनशेही उसवले. तुझे बाबा आठवडाभर माझ्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत." आईने दातांनी दोरा तोडला. "ज्यांनी घालून नेले त्यांच्या घरी जाऊन आणले परत. लाज त्याची नाही वाटत गं. ठाऊक असून लावले असते, तर वाटली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पहिला तास तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर होता. चार-ब ज्यांनी सोडवला होता तीच ही अठ्ठावन्न मुलं. परीक्षा संपून पुढचं सत्र सुरू झालं होतं, निकाल तेवढा यायचा होता. तिने हजेरी घेतली नाही. फळ्यावर वाहन लिहिलं, बस लिहिली, पंधराही ओळी लिहिल्या. मग वर्गाकडे तोंड केलं. हे वाक्य तिने सकाळपासून चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

"याचं उत्तर मी तुम्हाला पंचवीस सांगितलं होतं. ते चूक आहे. खरं उत्तर शून्य आहे. मी काल पहिल्यांदा चालवून बघितलं."

तिला वाटलं होतं, वर्गात गोंधळ उडेल. तसं काही झालं नाही. मुलं एकमेकांकडे बघत होती. कुणीतरी खाली मान घालून हसू दाबलं. मागच्या बाकावरून एक मुलगी, जिला ती एरवी जेमतेम ओळखत असे, उभी राहिली.

"मॅडम, ते माहितीये आम्हाला."

"काय माहितीये?"

"शून्य येतं ते. लॅबमध्ये शून्यच येतं ना." मुलगी डावीकडून चालावं की उजवीकडून, हे सांगावं तितक्या सहज सांगत होती. "पेपरात पंचवीस लिहायचं असतं."

"सगळ्यांना माहिती होतं?"

माना हलल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

मुलीने खिडकीकडच्या रांगेत बसलेल्या एका उंच मुलाकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी गिरवत होता.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मागच्या वर्षी याने सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी पुस्तक नीट वाच, मग तोंड उघड. सगळे हसले होते."

"मला आठवत नाही."

"त्याला आठवतं."

हातातला खडू तिने फळ्याच्या कडेवर ठेवला. तो घरंगळून खाली पडला. तिने उचलला नाही. बाकांच्या मधून ती खिडकीपर्यंत गेली.

"पेपरात काय लिहिलंस तू?"

"पंचवीस," मुलगा वर न बघता म्हणाला.

ती टेबलाशी परत आली. पिशवीतून फॉर्म काढून तिने वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"यावर दहा सह्या लागतात. माझी एकच आहे. चाळीस परीक्षकांपैकी कुणी केली नाही."

"आम्ही केली तर चालेल?" मागच्या बाकावरची मुलगी अजून उभीच होती.

"फॉर्मवर 'हरकत घेणाऱ्यांच्या सह्या' असं लिहिलंय. 'परीक्षकांच्या' असं कुठे लिहिलेलं नाही." तिने टेबलावर हात टेकला. "पण आधी नीट ऐका. हरकत मान्य झाली तर पंचवीस लिहिणाऱ्यांचे सहा मार्क जातील. म्हणजे तुमचेच. जाऊ नयेत असं मी या अर्जात लिहिलंय, पण मंडळ ऐकेल याची खात्री नाही. म्हणून मी कुणाला सही कर म्हणणार नाही. नाही केलीत तर मला राग नाही."

मधल्या रांगेतला एक जाडसर मुलगा चाचरत उठला.

"मॅडम, माझे सहा गेले तर विषयच राहील."

"मग तू करू नकोस."

"नाही, तसं नाही... राहिला तर परत शिकवाल?"

"शिकवीन."

"शून्यासकट?"

वर्ग खळाळून हसला, आणि त्या हसण्यात मागच्या बाकावरची मुलगी पुढे आली. तिने विचारलं नाही; फॉर्म उचलला, कंपासमधली पट्टी काढली आणि टेबलावर वाकून सह्यांच्या कोऱ्या जागेत दोन उभ्या रेघा ओढल्या. वर लिहिलं: 'पेपरात लिहिलं', 'मशीन सांगतं'. मग मॅडमच्या सहीखाली आपली सही केली, पहिल्या रकान्यात पंचवीस भरलं, दुसऱ्यात शून्य, आणि फॉर्म पहिल्या बाकावर दिला.

"हे बरं," ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, स्वतःचे मार्क वाढवायला सह्या केल्या."

फॉर्म बाकाबाकावरून फिरू लागला. काही जणांनी तो हातात घेऊन नुसता वाचला आणि पुढे सरकवला. जाडसर मुलाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. ती कुणाकडे बघत नव्हती. खिडकीतून मैदान दिसत होतं, तिकडे ती पाहत राहिली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, आणि दाराशी आलेल्या पुढच्या तासाच्या प्राध्यापकांना तिने हातानेच थांबवलं.

फॉर्म परत आला तेव्हा त्यावर मुलांच्या तेवीस सह्या होत्या. तेवीस वेळा पंचवीस, तेवीस वेळा शून्य. सगळ्यांत शेवटची ओळ उंच मुलाची होती. त्याने दोन्ही रकाने भरले होते आणि उरलेल्या समासात, बारीक अक्षरात, स्वतःचा एक तिसरा रकाना काढला होता: 'वर्गात सांगितलं: ०'.

वर, तिच्या सहीपुढचे दोन्ही चौकोन अजून मोकळे होते. तिने पेन घेतलं. 'लिहिलं' हा शब्द तिला लागू नव्हता, म्हणून पहिल्या चौकोनात तिने आधी 'शिकवलं' लिहिलं, आणि मग पुढे, स्पष्ट दिसेल असं, पंचवीस.